सगुणाबाईंचा वाक्यांचा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, चौकोनी आहे आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या झाकणावर पूर्वी लाल फुलं आणि सोनेरी पट्टी होती. फुलं गेली, पट्टीचा एक कोपरा तेवढा राहिला आहे. तळाला गंजून भोक पडलं आहे, त्यातून पेन्सिल आरपार जाते. तरीही दर शनिवारी सकाळी मला वर्गात नेतात. माझं काम काय, आणि मध्यंतरी ते कसं बंद पडलं होतं, ते आज तुम्हाला सांगतो.

एका कारखान्यात मला कापलं, दाबलं, रंगवलं आणि माझ्या पोटात बिस्किटं भरली. २००८ सालच्या दिवाळीत मी अलिबागच्या एका दुकानात मांडून ठेवलेला होतो. तिथून मला दिनानाथांनी घेतलं. दिनानाथ थळच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात राहतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या मिठागराचं काम झालं. मिठागर बंद पडल्यावर ते टेम्पो चालवू लागले. त्यांच्या पत्नी सगुणाबाई गावच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होत्या.

बिस्किटं चार दिवसांत संपली. रिकाम्या डब्याचं पुढं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी त्यात सुईदोरा ठेवतं, कुणी चहापूड. दिनानाथांची मोठी बहीण ठमी शेजारच्याच घरात राहते. तिनं मला पाहिलं आणि लगेच मागणी घातली.

"मना दे गो ह्यो डबा. जवला ठेवाला बरा हाय."

"नाही हो वन्सं, मला शाळेसाठी हवाय," सगुणाबाई म्हणाल्या.

"शालंत काय बिस्कुटं वाटतंस?" असं म्हणून ठमी निघून गेली. ती फार दिवस हे विसरली नाही. मला मात्र बरं वाटलं. एकदा सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, भरला असता, तर त्याचा वास मला जन्मभर चिकटला असता.

सगुणाबाईंची अडचण वेगळीच होती. मुलांना इंग्रजी शब्द पाठ होते, पण दोन शब्द एकत्र आले की गाडी अडायची. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, हे सगळ्यांना येत होतं. म्हणून 'गिव्ह अप' म्हणजे 'वर देणे' असं अर्ध्या वर्गानं परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा अर्थ नाद सोडणे, हार मानणे असा आहे, हे सांगितल्यावर मुलं बाईंकडे संशयानं बघू लागली.

"जेवताना आई काय म्हणते? 'खाऊन टाक' म्हणते की नाही?" बाईंनी विचारलं. "मग तू खातोस आणि टाकतोस का?"

वर्ग हसला.

"'ऐकून घे' म्हटल्यावर हातात काय घेतोस? काहीच नाही ना? मग इंग्रजीवर कशाला रागावता? तिथंही दोन शब्द शेजारी नांदायला लागले की त्यांचा संसार वेगळा होतो. एकेकट्याला विचारून त्याचा पत्ता लागत नाही. वाक्यात बघायचं."

त्या संध्याकाळी बाईंनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. आमच्या गावात लग्नाला दोन हजार माणूस जेवतं, त्यामुळे पत्रिकाही जाड कागदाच्या असतात. दिनानाथ कात्रीनं पत्त्याएवढे तुकडे कापून देत आणि बाई कोऱ्या बाजूला शाईच्या पेनानं लिहीत. बॉलपेननं अक्षर बिघडतं, असं त्यांचं मत होतं. एका बाजूला कुणाचा तरी शुभविवाह आणि दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत एक इंग्रजी वाक्य, अशी कार्डं माझ्या पोटात जमू लागली.

बाईंचा एक नियम होता. नुसतं क्रियापद डब्यात टाकायचं नाही. ते वाक्यात हवं, आणि वाक्य खरं हवं, आपल्याच गावात घडलेलं.

रत्नपाल नावाचा एक मुलगा रोज मधली सुट्टी संपल्यावर यायचा. बाई विचारायच्या, "आत्ता उगवलास का?" मग त्यांनी कार्डच लिहिलं, 'रत्नपाल टर्न्ड अप आफ्टर लंच.' टर्न अप म्हणजे उगवणे. हा अर्थ कुणालाच वेगळा समजावून द्यावा लागला नाही. 'वुई पुट अप विथ द स्मेल ऑफ ड्राइंग फिश' असं एक कार्ड होतं. पुट अप विथ, या तीन शब्दांचा मिळून अर्थ सोसणे. सुकत घातलेल्या मासळीचा वास आम्ही सोसतो, हे वाक्य वाचून वर्गातली कोळ्यांची मुलं मात्र रागावली. "बाई, आम्हाला तो वास आवडतो," ती म्हणाली. बाईंनी त्यांचं म्हणणं ऐकून 'वुई' खोडलं आणि त्या जागी 'टूरिस्ट्स' लिहिलं.

कधी शब्द कार्डात मावत नसत, तेव्हा बाई मुलांनाच उभं करत. एक उंच मुलगा 'टेक' आणि दुसरा 'ऑफ'. टेक ऑफ म्हणजे काढणे, समजा चपला; 'चपला' हा शब्द मध्ये ठेवा किंवा शेवटी ठेवा, दोन्ही चालतं. पण चपलांऐवजी 'देम' म्हटलं, की त्याला दोघांच्या मध्येच उभं राहावं लागतं. टेक देम ऑफ. 'देम' म्हणून वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी प्राप्ती हिला दोघांच्या मध्ये घुसवलं. ती तिथून ओरडली, "बाई, चेंगरले!" ते वाक्य त्या वर्गातलं कुणी चुकलं नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत मी बाकांवरून फिरायचो. ज्याच्यासमोर जाईन त्यानं न बघता एक कार्ड काढायचं, मोठ्यानं वाचायचं आणि त्याच क्रियापदाचं स्वतःच्या घरातलं एक खरं वाक्य सांगायचं. खोटं वाक्य कितीही बरोबर असलं तरी ते धरलं जात नसे. अशी चौदा वर्षं गेली. २०२० च्या वादळात शाळेचे पत्रे उडाले, तेव्हा बाईंनी मला पदराखाली धरून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी कार्ड लिहिलं, 'द स्टॉर्म ब्लू द रूफ ऑफ.' एक साहेब तपासणीला आले होते, त्यांनी मला हातात घेऊन "छान उपक्रम" असा शेरा दिला. तेव्हा मला जरा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

२०२२ च्या दिवाळीनंतर सगुणाबाई आजारी पडल्या. त्यांची शाळा सुटली. घरी पलंगावर बसून त्यांनी आणखी अकरा कार्डं लिहिली. अक्षर थोडं वाकडं झालं होतं. फेब्रुवारीत त्या गेल्या.

दिनानाथांनी मला कपाटावर ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. पण ते अधूनमधून मला खाली घेत, झाकण काढत आणि कार्डांवरून नजर फिरवत. वाचता येत नसलं तरी अक्षर कुणाचं आहे ते कळतं.

एप्रिलमध्ये प्राप्ती घरी आली. तीच ती, 'देम' झालेली. आता ती त्याच शाळेत तासिकेवर इंग्रजी शिकवते.

"काका, बाईंचा डबा द्याल का? पोरं फारच अडलीत. गेल्या चाचणीत पुन्हा 'वर देणे' लिहिलंय."

"नाय गो पोरी," दिनानाथ म्हणाले. "पोरांच्या हातांना घाम असतो. अक्षर जाईल. दुसरं काय पन माग."

"मी जपून वापरीन."

"जपाचं म्हनूनच तर ठेवलाय ना घरात."

प्राप्ती चहा पिऊन गेली.

आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात. कागदाला बुरशी येते, पुस्तकांना कसर लागते. दिनानाथांना याचीच काळजी. त्यांनी मिठागरवाल्याच्या डोक्यानं विचार केला. मासळी मिठात टिकते, कैरी मिठात टिकते. मीठ ओल ओढून घेतं. मग कागद का टिकू नये? जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी खडे मीठ तव्यावर भाजलं, चांगलं तडतडेपर्यंत. भाजलेल्या मिठाला पाणी सुटत नाही, असं त्यांचे वडील सांगत. ते गार करून धोतराच्या फडक्यात बांधलं आणि माझ्या पोटात कार्डांवर ठेवलं. झाकण दाबलं, वरून जाळ्याची नायलॉनची दोरी आवळली. "आता चार महिने बिनघोर," असं म्हणून मला परत कपाटावर ठेवलं.

मित्रांनो, मीठ ओल ओढून घेतं हे खरं आहे. पण ओढलेली ओल ते ठेवणार कुठं? माझं झाकण काही बाटलीच्या बुचासारखं घट्ट नव्हतं. जुलैत फडकं ओलं झालं. मग त्यातून थेंब पडू लागले. पहिला थेंब कुठल्या कार्डावर पडला तेही मला ठाऊक आहे. शाई पसरली, एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात गेली. खारं पाणी तळाला साठलं आणि मी गंजू लागलो. चार हातांवर दिनानाथ रोज झोपत होते. मी पत्रा आहे, मला हाक मारता येत नाही.

ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि गावानं गोधड्या अंगणात घातल्या. दिनानाथांनी मला बाहेर आणून दोरी सोडली. झाकण निघेना, उलथन्यानं काढावं लागलं. आत निळा चिखल होता.

ठमी गोधडी टाकून धावत आली. तिनं आत बघितलं.

"ह्ये रं काय क्येलंस दिना? तिचं अक्षर हाय का बांगडा, मिठात घालाला?"

दिनानाथांनी मिठाचं फडकं बाहेर काढलं.

"पावसात मिठाला पानी सुटतं ह्ये आपल्या कोंबडीला पन ठाव हाय! आन् तू मिठागरवाल्याचा पोर!"

"भाजलं होतं," दिनानाथ म्हणाले.

ठमीनं पदर खोचला, ओसरीवर जुनी साडी पसरली आणि दोघं भावंडं कार्डं एकेक सोडवून उन्हात मांडू लागली. दोनशे चौदा कार्डं. त्र्याऐंशी वाचण्यासारखी राहिली होती. एकशे एकतीस कार्डांवर नुसते निळे डाग. मागच्या बाजूचा पत्रिकेचा छापील मजकूर मात्र तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ मला काखेत मारून शाळेत गेले. प्राप्ती व्हरांड्यात होती.

"तुला घामाचं बोललो होतो," ते म्हणाले. "माझ्याच हातानं गेलं. तुला त्यातलं काय आठवतं का? वाक्यं तरी परत पायजेत मना."

प्राप्तीनं कार्डं बघितली. तिला स्वतःच्या वर्षाची आठवत होती, बाकीची नाही. आणि कुठल्या कार्डावर कुठलं वाक्य होतं, हे तर काहीच कळत नव्हतं.

दिनानाथांनी एक कार्ड उलटं केलं. "ही परेशच्या लग्नाची पत्रिका. २०१४. त्या सालच्या पोरांना इचार ना."

कार्डं त्यांनीच कापलेली होती. कुठली पत्रिका कधी कापली ते त्यांना पाठ होतं. पत्रिकेवरून साल कळलं, सालावरून वर्ग कळला. प्राप्तीनं जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. रविवारी दिनानाथांच्या ओसरीवर वीस-बावीस माणसं जमली. कुणी पोलीस, कुणी काशीदला पर्यटकांना खोल्या देणारं, कुणी कडेवर मूल घेऊन. रत्नपाल बंदरावर ट्रेलर चालवतो, तो गणवेशातच आला होता, आणि सगळ्यांच्या शेवटी.

"उगवला!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा, मीच सांगतो," रत्नपाल म्हणाला. "रत्नपाल टर्न्ड अप आफ्टर लंच. बाईंनी मी शाळा सोडल्यावरही ते कार्ड ठेवलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीनं काढलं एकदा. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं तिनं."

"मग सुधारलास का?"

"बंदरात वेळेत पोचतो. इथं कशाला वेळेत येऊ? इथं माझं नाव झालंय."

लोक हसले. दिनानाथही हसले, मी बऱ्याच महिन्यांनी ते पाहिलं. एकेकजण सांगू लागला आणि एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. इतरांची वाक्यं लोक विसरले होते. स्वतःचं नाव असलेलं वाक्य कुणीच विसरलं नव्हतं. पंधरा वर्षांनीही क्रियापद, त्याचा तो शेपटीचा छोटा शब्द, त्याची जागा, सगळं बरोबर. ज्याचं वाक्य त्यानंच ते कार्डावर पुन्हा लिहायचं, असं ठरलं. चार रविवारांत एकशे वीस कार्डं भरली. अक्षर बाईंचं नव्हतं. वाक्यं बाईंचीच होती.

उरली ती अकरा, आजारपणात लिहिलेली. ती वर्गात कधी गेलीच नव्हती.

"काका, ही कुणालाच माहीत नाहीत," प्राप्ती म्हणाली. "ही सोडून द्यावी लागतील."

दिनानाथांनी ती एकेक करून उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "लिवताना मना सांगायची ती. मराठीत."

"काय सांगायच्या?"

"एकदा हॉस्पिटलात जाताना पोयनाडला टेम्पो बंद पडला. म्येकॅनिक येईपर्यंत आमी खाली बसून बोरं खाल्ली. ते लिवलं होतं तिनं."

"ब्रेक डाउन," प्राप्ती म्हणाली आणि तिनं लिहून घेतलं.

"आन् ठमी एक दिवस जवल्याची चटनी घेऊन आली, तेव्हा म्हनाली, वन्सं नि माझं मिटलं, ते लिवते."

"मेक अप. वन्सं अँड आय मेड अप."

ठमी दारात उभी होती. "मिटलं, असं लिवलंन तिनं?" तिनं विचारलं. "डब्याचं?" आणि ती आत निघून गेली.

"अजून एक," दिनानाथ म्हणाले. "तिच्या हातून चहा सांडला. मी पुसला. तेवढंच."

"एवढंच वाक्य होतं?"

"मी पुसला आन् काय बोललो नाय, असं होतं."

अशी पाच कार्डं भरली. उरलेली सहा त्यांना काही केल्या आठवली नाहीत. ती त्यांनी खिशात ठेवली. मला मात्र प्राप्तीच्या हातात दिलं. "घेऊन जा," ते म्हणाले. "घाम लागला तर लागू दे."

तेव्हापासून दर शनिवारी दिनानाथ टेम्पोतून शाळेत येतात आणि मागच्या बाकावर बसतात. काही शिकायला नव्हे, नुसते बसतात. या फेब्रुवारीत नववीतल्या हेमालीसमोर मी थांबलो. तिनं कार्ड काढलं आणि वाचलं, "दिनानाथ वाइप्ड अप द टी अँड सेड नथिंग."

"बाई, हा दिनानाथ कोण?"

"मी," मागून आवाज आला.

हेमाली वळली. "मग काही का नाही बोललात, आजोबा?"

दिनानाथ म्हणाले, "तिचा हात कापत होता. बोललो असतो तर तिला कळलं असतं, मी बघितलं म्हनून."

प्राप्ती म्हणाली, "हं, हेमाली. आता तुझं. खरं सांगायचं."

हेमाली खाली बघत म्हणाली, "माय आजी स्पिल्ड द डाळ. आय वाइप्ड इट अप." थांबली. "बट आय शाउटेड." आजीनं डाळ सांडली, मी पुसली, पण ओरडले.

वाक्य बरोबर होतं. 'इट' मध्येच बसला होता.

दिनानाथ उठून पुढं आले. त्यांनी खिशातून ती सहा कार्डं काढली, त्यातलं वरचं एक प्राप्तीच्या टेबलावर ठेवलं. त्यावर फिकट निळा डाग होता, बाकी कोरंच.

"हिचं ह्याच्यावर लिव," ते म्हणाले. "तिचं काय होतं ते आता काय मना आठवत नाय. कागद चांगला हाय."

हेमालीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचं तरी अक्षर असेल, कुणाची वही, कुणाचं हत्यार. ते जपण्यासाठी बांधून ठेवू नका. बांधलेल्या डब्यात काय चाललं आहे, ते बाहेरून दिसत नाही. ते उघडा, हाताळा, थोडं झिजू द्या. त्यांना जे येत होतं ते त्यांच्या माणसांना विचारून घ्या, आणि ती माणसं आहेत तोवरच विचारा. दिनानाथांकडे अजून पाच कोरी कार्डं आहेत. पुढच्या शनिवारी माझी पाळी दुसऱ्या रांगेत आहे.